गंजिफ्रॉक आणि मशीनचं भाडं

आमच्या एमएचा पहिला तास म्हणजे एक कोरा कागद होता. वर तीन प्रश्न छापलेले: काय करणार, कशासाठी करणार, आणि ते जमलं की नाही हे कशावरून ठरवायचं? उत्तरं तीन आठवड्यांत लिहून द्यायची. त्या उत्तरांनाच पुढे आपला अभ्यासक्रम म्हणायचं.

मी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात फॅशन निटवेअर डिझाइन शिकते. निटवेअर म्हणजे स्वेटर, मोजे, बनियन, टी-शर्ट असे सगळे टाक्यांनी विणलेले कपडे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. आठवड्यातले तीन दिवस मी एका गोदामात गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले कपडे तपासून घड्या घालते आणि उरलेल्या दिवसांत अभ्यास करते. माहितीपत्रकात या अभ्यासक्रमाला 'फ्लेक्झिबल' आणि 'सेल्फ-डायरेक्टेड' अशी दोन विशेषणं होती. वेळ आपल्या सोयीनं, दिशा आपण ठरवायची. वाचून वाटलं होतं, बरंय, कुणी मागे लागणार नाही. खरंच कुणी मागे लागलं नाही, आणि महिनाभरात मला कळेना की सकाळी उठून नेमकं करायचं काय.

पहिल्या प्रस्तावात मी लिहिलं होतं, 'पैठणीवरचे मोर स्वेटरवर आणणार.' आमच्या बाईंनी कागद वाचला आणि शांतपणे विचारलं, "मोर पैठणीवर चांगले आहेतच. ते टाक्यांत आणल्यानं टाक्यांना काय मिळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कागद परत दिला. नापास वगैरे काही नाही. फक्त परत दिला.

त्या रात्री मी इचलकरंजीला घरी फोन केला. आप्पा म्हणाले, "विणायलाच शिकतीस न्हवं? मग त्यात एवढा इचार कशाला? भीम चढवायचा, धोटा सोडायचा."

इथेच आमच्या भाषेची गंमत आहे. मराठीत मागावर कापडही विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. दोन्हींना एकच क्रियापद. पण या दोन गोष्टी अगदी वेगळ्या. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. निटिंगमध्ये एकच धागा स्वतःच्याच फाशांतून स्वतःला ओवत जातो. सुताला स्वतःचा ताण फारसा नसतो, तरी त्याच सुताचा मोजा ताणला की ताणतो आणि सोडला की पायाला बसतो, ते या फाशांमुळे. आप्पांचा जन्म यंत्रमागात गेला. ज्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, त्या गावात आमच्या तीन पिढ्या मागाच्या खडखडाटातच झोपल्या. माझी आत्या मात्र दुपारी दोन सुया घेऊन बसायची आणि पुटपुटायची, 'दोन सुलट, दोन उलट.' घरात दोन विणकामं होती. त्यातलं एक धंदा होतं आणि दुसरं फावल्या वेळेचं.

मला उत्तर सापडत नव्हतं, तेव्हा मी शहराला विचारायचं ठरवलं. कारण आत्याचं ते फावल्या वेळेचं विणकाम या शहरानं जगात पहिल्यांदा यंत्रावर नेलं.

कॅल्व्हर्टनचा पाद्री

नॉटिंगहॅमहून बसनं कॅल्व्हर्टन नावाच्या गावी जाता येतं. तिथला विल्यम ली हा धर्मगुरू. त्यानं १५८९ साली मोजे विणणारी चौकट बनवली, ती 'स्टॉकिंग फ्रेम'. त्याबद्दल एक गोष्ट सांगतात. लीचं जिच्यावर प्रेम होतं ती मुलगी त्याच्याशी बोलताना सतत विणतच राहायची, म्हणून रागावून त्यानं हे यंत्र केलं. दुसऱ्या कथेत ती त्याची बायको आहे आणि घर चालवायला रात्रंदिवस विणते आहे. खरं काय ते सोडून देऊ. पण दोन्ही कथांमध्ये विणणारी बाई आहे, हे मला लक्षात ठेवावंसं वाटतं.

हातानं विणताना एका वेळी एक टाका होतो. लीच्या यंत्रात एकेका टाक्याला एकेक सुई होती, आणि पूर्ण ओळीचे टाके एकत्रच पडत. सुईचं टोक वाकवून केलेला लवचीक आकडा दाबला की जुना टाका नव्यावरून घसरून पडे. हात आणि पाय दोन्ही लागत. मला ते बघून आत्याच्या सुया आणि आप्पांचा माग यांच्या बरोबर मधलं काहीतरी आठवलं.

लीनं एलिझाबेथ राणीकडे पेटंट मागितलं. ते मिळालं नाही. हातानं विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, असं राणीनं म्हटल्याचं सांगतात. ली भावाला घेऊन फ्रान्सला गेला. तिथे चौथा हेन्री राजा पाठीशी होता, पण १६१० साली त्याचा खून झाला. लीचे शेवटचे दिवस तिकडेच हलाखीत गेले. भाऊ यंत्रं घेऊन परत आला. पुढे पन्नास वर्षांच्या आत या धंद्याची लंडनमध्ये इतकी चलती झाली की १६५७ साली क्रॉमवेलनं फ्रेमवर विणणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. धंदा मग हळूहळू पुन्हा नॉटिंगहॅम, लेस्टर आणि डर्बीच्या खेड्यांत आला.

लीच्या यंत्राला एक गोष्ट येत नव्हती: उलट टाका. ते फक्त सुलट विणायचं. आत्या जे पुटपुटत सहज करायची, त्या 'दोन सुलट, दोन उलट'ची उभी पट्टी, म्हणजे रिब, यंत्राला जमली ती १७५८-५९ मध्ये. जेडेडाया स्ट्रट यानं फ्रेमच्या पुढ्यात सुयांचा दुसरा संच बसवला. डर्बीत हे झालं म्हणून त्याचं नाव 'डर्बी रिब'. म्हणजे उलट टाका शिकायला यंत्राला १७० वर्षं लागली. तुमच्या स्वेटरच्या मनगटावर जी ताणणारी पट्टी असते, ती हीच.

हे सगळं मी वहीत लिहून काढलं आणि बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा इतिहास छान आहे. यात तू कुठे आहेस?"

घरी बसून काम, स्वतःच्या वेळेत

नॉटिंगहॅमच्या दक्षिणेला रडिंग्टन गाव आहे. तिथे १८२९ साली बांधलेल्या विणकरांच्या कामाच्या जागा आणि घरं जपून ठेवली आहेत. आता ते संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर लांबलचक खिडक्या आहेत, कारण बारीक टाके दिसायला उजेड लागतो. उजेड गेल्यावर पाण्यानं भरलेला काचेचा गोळा मेणबत्तीसमोर ठेवून प्रकाश सुयांवर पाडत. पुरुष फ्रेमवर बसायचे, बायका मोजे शिवायच्या, आणि पोरं चाकावर सूत गुंडाळायची. त्या चाकापाशी मी बराच वेळ उभी राहिले. आमच्या गल्लीत कांडी भरणाऱ्या बायकांच्या बाजूला बसून मी शाळेचा अभ्यास केला आहे. तोच आवाज आणि तीच बसायची पद्धत असणार, असं वाटत राहिलं.

या विणकरांना साहेबाचा भोंगा नव्हता. काम घरी किंवा शेजारच्या खोलीत. सोमवारी सुट्टी घ्यायची आणि शनिवारी माल द्यायचा म्हणून शुक्रवारी रात्रभर बसायचं, असं पुष्कळ जण करत. वेळ त्यांची, गती त्यांची. आजच्या भाषेत हे अगदी फ्लेक्झिबल आणि सेल्फ-डायरेक्टेड काम.

पण फ्रेम बहुतेकांची स्वतःची नव्हती. ती मोज्यांच्या व्यापाऱ्याची किंवा मधल्या दलालाची असायची आणि तिचं दर आठवड्याला भाडं द्यावं लागे. त्याला 'फ्रेम रेंट' म्हणत. सूत व्यापाऱ्याचं, फ्रेम त्याची, भाव त्याचा. वर एक मेख अशी की आठवड्यात पुरेसं काम मिळालं नाही तरी भाडं मजुरीतून कापलं जाई. त्यामुळे दलालाला थोडं काम खूप जणांत वाटणं फायद्याचं होतं. जितक्या फ्रेम अर्धवट चालू, तितकी भाडी. १८४० च्या दशकात या लोकांची हालत इतकी वाईट झाली की 'मोजे विणणाऱ्यासारखा गरीब' ही तिकडे म्हणच होऊन बसली. सरकारनं चौकशी नेमली आणि १८४५ मध्ये तिचा अहवाल आला. भाड्याची पद्धत कायद्यानं बंद व्हायला मात्र १८७४ साल उजाडावं लागलं.

संग्रहालयातून मी आप्पांना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"मशीन त्येंचं नव्हतं म्हणतीस?"

"नव्हतं."

"आपलं हुतं," आप्पा म्हणाले. "पण काय फरक पडला?"

आप्पा खर्चीवाले. इचलकरंजीबाहेर हा शब्द फारसा कुणाला माहीत नसतो. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला स्वतःच्या मागावर मजुरीनं कापड विणून देतो. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबानं ठरते. कापड कुठलं, कुणासाठी, काय भावानं विकायचं, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. माग आणि त्यावरचं कर्ज त्याचं, आणि विजेचं बिल त्याचं. नॉटिंगहॅमच्या विणकराला भाडं द्यावं लागायचं, आप्पांना हप्ते. आमचे शेवटचे चार माग गेल्या वर्षी भंगारात वजनावर गेले. टेम्पोवाला काटा घेऊन आला होता. मी तेव्हा इथे होते. भावानं व्हिडिओ पाठवला होता, तो मी पूर्ण पाहिला नाही.

फॅशन म्हणजे काय

आमच्या कार्यशाळेत एक जुनं जपानी घरगुती मशीन आहे. दोनशे सुया, प्रत्येक सुईला एक इवलीशी जीभ. ही जिभेची सुई लेस्टरच्या मॅथ्यू टाऊनसेंडनं १८४० च्या दशकात आणली. सुई पुढे आली की जीभ उघडते, मागे गेली की मिटते, दाबायला वेगळं काही लागत नाही. जगातली बहुतेक निटिंगची मशीनं आज याच सुईवर चालतात.

त्या मशीनवर तंत्रज्ञ ताईंनी मला पहिल्यांदा कडेचा टाका उचलून आतल्या सुईवर ठेवायला शिकवलं. असं केलं की ओळीत एक टाका कमी होतो आणि कापड अरुंद होतं. बाहेर एक सुई वाढवली की रुंद होतं. पोटरीला रुंद, घोट्याला अरुंद, काखेपाशी वळण, गळ्याला गोलाई. कात्री लावायची गरज नाही. "याला फॅशनिंग म्हणतात," त्या म्हणाल्या.

मी थांबले. मग शब्दकोश काढला. 'फॅशन' हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी 'करणं', 'घडवणं' असा लॅटिन धातू आहे. नव्या कपड्यांची टूम हा अर्थ नंतरचा. आणि निटवेअरच्या धंद्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'फुली फॅशन्ड' स्वेटर म्हणजे फॅशनेबल स्वेटर नव्हे. ज्याचा प्रत्येक भाग विणतानाच टाके कमी-जास्त करून आकाराला आणलाय तो. तुमच्याकडे चांगला स्वेटर असेल तर काखेजवळच्या शिवणीशेजारी बघा, तिरक्या रांगेत छोट्या खुणा दिसतील. तिथे टाका सरकवला आहे.

दुसरी पद्धत सोपी आणि स्वस्त. लांबच लांब कापड विणायचं, त्यावर नमुना ठेवून कापायचं आणि शिवायचं. आपण घालतो ते बहुतेक टी-शर्ट आणि बनियन असेच होतात. तुकडे उरतात, त्यांच्या चिंध्या होतात. कापलेल्या कडेचे टाके सुटू नयेत म्हणून शिवण जाड लागते.

आणि आता मला इतिहासातली एक गोष्ट उलगडली, जी मी शाळेपासून चुकीची समजत होते.

लडाइट खरोखर कशावर चिडले होते

मोबाइल वापरायला नकार देणाऱ्या काकांना इंग्रजीत 'लडाइट' म्हणतात. यंत्रांना घाबरणारे, प्रगतीचे शत्रू. हे लडाइट नॉटिंगहॅमचेच. मार्च १८११ मध्ये शहराजवळच्या अरनॉल्ड गावात त्यांनी पहिल्यांदा फ्रेम फोडल्या. पण ज्या फ्रेम फोडल्या त्या प्रकारची यंत्रं तेव्हा दोनशे वर्षांहून जुनी झाली होती. त्यांच्या बापजाद्यांनी त्यावरच पोट भरलं होतं. त्यांना यंत्राची भीती कशी असेल?

त्यांचा राग होता तो 'कट-अप'वर. काही व्यापारी रुंद फ्रेमवर सपाट कापड विणून घेत, ते कापून मोज्याच्या आकारात शिवत आणि घडवलेल्या मोज्यासारखंच विकत. ते मोजे लवकर उसवत. भाव पडत, आणि धंद्याचं नाव खराब होई. शिवाय उमेदवारी न केलेल्या पोरांना कमी मजुरीवर बसवलं जाई. लडाइट रात्री हातोडे घेऊन येत तेव्हा सगळ्या फ्रेम सरसकट फोडत नसत. वाजवी मजुरी देणाऱ्याच्या फ्रेम सोडत आणि शेजारच्या फोडत.

सरकारनं १८१२ मध्ये फ्रेम फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवली. त्या विधेयकाला विरोध करायला चोवीस वर्षांचा एक तरुण लॉर्ड २७ फेब्रुवारीला उभा राहिला. तो नॉटिंगहॅमशायरचाच कवी बायरन, आणि वरिष्ठ सभागृहातलं त्याचं हे पहिलंच भाषण. कायदा तरीही झाला. त्याच वर्षी ग्रॅव्हनर हेन्सन नावाच्या विणकरानं दुसरा रस्ता धरला. कट-अपसारख्या फसवणुकींना आळा घालणारं विधेयक त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी संसदेपर्यंत नेलं. खालच्या सभागृहात ते पास झालं, वरच्या सभागृहानं फेटाळलं.

हे वाचल्यावर मी माझ्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: ज्यांना आपण दोनशे वर्षं यंत्रविरोधी म्हणतोय, ते फॅशनसाठी भांडत होते. घडवण्याचा हक्क आणि घडवण्याचा भाव, या दोन्हींसाठी.

तेवीस पायऱ्या

मग हा डिझाइनचा अभ्यासक्रम इथे आला कुठून? त्याचंही कारण धंदाच आहे. १८३० च्या दशकात ब्रिटिश संसदेला काळजी पडली की आपली यंत्रं चांगली, पण नक्षीकाम फ्रेंचांचं सरस. म्हणून १८३७ साली लंडनला सरकारी डिझाइन शाळा निघाली आणि १८४३ साली नॉटिंगहॅमला. इथल्या लेसच्या आणि मोज्यांच्या कारखान्यांना नक्षीकार हवे होते. त्या शाळेचा वारसा आज नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ सांगतं. शाळेसाठी १८६० च्या दशकात बांधलेली वेव्हर्ली इमारत अजून उभी आहे.

त्या शाळांत विद्यार्थ्यानं स्वतःची दिशा वगैरे ठरवायची नव्हती. १८५० च्या दशकात साउथ केन्सिंग्टनहून देशभरासाठी एकच अभ्यासक्रम आला, त्याच्या पायऱ्या तेवीस. आधी सरळ रेषा, मग छापील नक्षीची बाह्यरेषा, मग प्लास्टरच्या पानाफुलांवरून चित्र, आणि असं करत करत पुढे. कारागिरानं कारागीरच राहावं आणि चित्रकार होण्याच्या नादी लागू नये, ही काळजीही त्यामागे होती. हाच साचा बोटीत बसून आपल्याकडेही आला. मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत, जी १८५७ साली सुरू झाली, पुढे याच केन्सिंग्टन पद्धतीचे शिक्षक आले आणि मराठी मुलांनी त्याच रेषा गिरवल्या.

तिथून १९६० च्या दशकापर्यंत यावं लागलं, तेव्हा ब्रिटनच्या कलाशाळांनी ठरीव पायऱ्या सोडून विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न शोधायला लावलं. माझ्या हातातला तो कोरा कागद म्हणजे शंभर वर्षांच्या भांडणानंतर मिळालेली सवलत होती. ज्याला मशीन हाकायला शिकवायचं त्याला पायऱ्या पुरतात. काय घडवायचं हे ज्यानं ठरवायचं, त्याला कागद कोराच द्यावा लागतो.

पण मला रडिंग्टनही विसरता येईना. नुसता वेळ आपला असून भागत नाही. माझा अभ्यासक्रम लवचीक होता, तरी कार्यशाळेतलं मशीन माझं नव्हतं. दोन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडले की माझ्याकडे काय असणार? जपानमध्ये वाकायामाच्या शिमा सेइकी कंपनीनं १९९५ मध्ये दाखवलेल्या यंत्रावर अख्खा स्वेटर एकही शिवण न घालता बाहेर येतो. घडवण्याची ती परमावधी आहे. मी ते यंत्र चालताना पाहिलं आणि मनात आप्पांचा प्रश्न आला: मशीन कुणाचं? कारण ज्याचं ते, भाव त्याचा.

गंजिफ्रॉक

दुसरा प्रस्ताव मला एका शब्दानं दिला. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ब्रिटनच्या ताब्यातली ग्वेर्न्सी आणि जर्सी अशी दोन बेटं आहेत. दोन्ही विणलेल्या लोकरी कपड्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेली. जर्सीची 'जर्सी' झाली, क्रिकेटची आणि कबड्डीची. आणि ग्वेर्न्सीचे कोळी आणि खलाशी घालायचे तो घट्ट विणीचा अंगरखा म्हणजे 'ग्वेर्न्सी फ्रॉक'. हा शब्द तीन-चार वेळा भराभर म्हणून बघा.

गंजिफ्रॉक.

आप्पा आयुष्यभर मागावर ज्या पांढऱ्या बिनबाह्यांच्या कपड्यात उभे राहिले, त्याचं नाव. 'बनियन' हा शब्द नेमका उलटा प्रवास करून आला. आपल्याकडच्या वाण्यांवरून, म्हणजे गुजराती व्यापाऱ्यांवरून, इंग्रजांनी एका सैल अंगरख्याला 'बनियन' म्हटलं आणि तो शब्द फिरून आपल्या दोरीवर वाळत पडला. दोन्ही शब्द एकाच कपड्यावर येऊन थांबले.

खऱ्या ग्वेर्न्सीला पुढची-मागची बाजू नसते, कशीही घाला. घासून झिजते ती जागा आलटून-पालटून येते, म्हणून कपडा जास्त टिकतो. काखेत चौकोनी कळी असते, हात वर केला तरी कापड ओढलं जात नाही. ती सगळी घडवलेली, कापलेली नाही. आमच्या बाजारातला गंजिफ्रॉक म्हणजे नळीसारख्या विणलेल्या कापडाचा कापून शिवलेला तुकडा. मागावरच्या माणसाचा हात दिवसभर वर असतो, आणि गंजिफ्रॉक पहिल्यांदा फाटतो तो काखेत. आमच्या घरातला प्रत्येक गंजिफ्रॉक काखेतच फाटला आहे. आई त्याचं पोतेरं करायची.

प्रस्तावात मी लिहिलं, 'मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसासाठी सुती, पूर्ण घडवलेला, काखेत कळी असलेला, दोन्ही बाजूंनी घालता येणारा गंजिफ्रॉक. हातानं चालणाऱ्या, घरात मावणाऱ्या, एका कुटुंबाला विकत घेता येईल अशा मशीनवर.' बाईंनी वाचलं. या वेळी कागद परत आला नाही.

लोकरीसारखं सूत माफ करत नाही. सुताचे टाके घट्ट घेतले तर जीभ अडते, सैल घेतले तर धुतल्यावर कपडा लोंबतो. सात नमुने टाकून दिले. आठवा अंगात बसला. पुढचा आणि मागचा भाग घडवून विणला, कळ्या वेगळ्या विणल्या, आणि सगळं टाक्याला टाका जोडून सांधलं. कात्री फक्त शेवटचा धागा कापायला लागली.

तो मी आप्पांना पाठवला. पार्सल पोचलं त्या दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. आधी त्यांनी तो उलटा केला, जसं कुठलंही कापड हातात आलं की करतात. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. काखेत बोट घातलं आणि हात वर-खाली करून बघितला.

"कापल्यालं कुठंच दिसत न्हाई," ते म्हणाले.

"कापलंच नाही."

"सूत किती लागलं?"

मी सांगितलं.

"आणि टाइम?"

"साडेनऊ तास. सगळं धरून."

त्यांनी गंजिफ्रॉक मांडीवर ठेवला आणि मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसत होते. आयुष्यभर पिकाचे पैसे मोजलेला माणूस.

"मग परवडत न्हाई, पोरी," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, माहिती होती. मग थोडं थांबून म्हणाले, "मशीन केवढ्याला पडतं?"

"जुनं घेतलं तर आपल्या एका मागाच्या भंगारापेक्षा थोडं जास्त."

"आणि भाव कोण ठरवनार?"

मी म्हटलं, "मी."

ते काही बोलले नाहीत. गंजिफ्रॉक अंगात घातला, सदऱ्याची बटणं लावली आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

माझ्या दुसऱ्या वर्षाचा कागद आता समोर आहे, पुन्हा कोरा. पहिल्या ओळीत मी लिहिलंय: साडेनऊ तासांचे चार तास कसे करायचे, आणि त्या चार तासांचा भाव कोण देईल?